पेपरवाले नाही होय?

"मग एवढं सगळं गळ्यात कशाला अडकवलंय?"

हा प्रश्न मला यंदाच्या अनंत चतुर्दशीला, रात्री साडेनऊच्या सुमारास, लक्ष्मी रस्त्यावर कुंटे चौकाच्या अलीकडे एका बंद साडीच्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या काकूंनी विचारला. त्यावरची उत्तरं मला आता सुचताहेत. आंघोळ करताना तर फारच चांगली सुचतात. काल एक इतकं बिनतोड सुचलं, की साबण हातातून निसटला. पण काकू समोर नव्हत्या.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. कॅमेरा नवा, मी त्याहून नवा. रात्रीच्या फोटोंवर हात बसवायचा तर विसर्जन मिरवणुकीएवढी फुकट रोषणाई पुण्यात वर्षभर कुठे मिळत नाही. मानाचे पाच, म्हणजे कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, हे सकाळीच निघतात. तिथे पालख्या, सनई-चौघडा, ढोल-ताशे आणि फोटोवाल्याच्या मदतीला चक्क सूर्य. अंधार पडला की रोषणाईचे रथ यायला लागतात. मला ते हवे होते.

आता जागा. ती पायरी मी संध्याकाळीच हेरून ठेवली होती. रस्त्यापासून दीड-दोन फूट वर, पाठीमागे लोखंडी शटर, म्हणजे मागून धक्का नाही. प्रश्न एवढाच की तिच्यावर काकूंचं बिऱ्हाड होतं. दोन सतरंज्या, पाण्याच्या बाटल्या, चकल्यांचा डबा, सून, नात, भाचीच्या सासरचं कोणीतरी आणि घडीच्या खुर्चीत गाढ झोपलेले काका. समोर पथक वाजवत होतं. छातीची फासळीन् फासळी हलत होती. आणि काका झोपले होते. लक्ष्मी रस्त्यावर ताशाच्या तर्रीत झोपायला पिढ्यान्‌पिढ्यांची पेठेतली साधना लागते.

मी पायरीच्या कोपऱ्यावर एक पाऊल टेकवलं, तोच काकूंनी ओरडून विचारलं, "पेपरवाले का?"

मी मान हलवली. यावर पुढे बरंच बोललं गेलं म्हणून स्पष्ट करतो. पन्नास-साठ ढोल समोर वाजत असताना माणसाची मान हलतेच. ती होकारार्थी नसते, तालार्थी असते.

पण काकूंनी निकाल लावला होता. "या हो, या! वर या. ए, सरक गं, त्यांना नीट उभं राहू दे. दुपारी तीनपासून जागा धरून बसलोय आम्ही. चकली घ्या. घरची आहे. घ्या हो, तुम्हाला कोण विचारणार जेवलात का म्हणून!"

खरं सांगतो, मला गहिवरून आलं. घरातून निघताना मला कोणी विचारलं नव्हतं जेवलास का. विचारलं होतं, "कशाला मरायला त्या गर्दीत?"

चकली तोंडात असतानाच काकूंनी कामाला लावलं. "आधी आमचा घ्या. मागे तो रथ येऊ दे. येऊ दे, येऊ दे... आता! अहो आता! थांबा, ह्यांना उठवते." मग काकांच्या खांद्याला हलवून, "अहो उठा, पेपरवाले आलेत!" काका उठले. खिशातून कंगवा काढून भांग पाडला, टोपी चढवली, कॅमेऱ्याकडे करारी मुद्रेने पाहिलं आणि मी डोळ्याला कॅमेरा लावेपर्यंत पुन्हा झोपले. टोपी सरळच राहिली.

हा फोटो वाटतो तितका सोपा नाही, आणि हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाहीये. चेहरे अंधारात, मागे हजारो दिव्यांचा महाल. कॅमेऱ्याचा स्वभाव असा, की जग सरासरी राखाडी आहे असं तो धरून चालतो. काळोख दिसला की 'हे काहीतरी चुकतंय' म्हणून सगळं उजळवतो. मग रथ पांढराफटक होतो आणि गजाननाच्या जागी ट्यूबलाइट विराजमान होते. रथ नीट यावा म्हणून उजेड खाली आणावा, तर काकूंचं अख्खं घराणं कोळशात जातं. अशा वेळी फ्लॅश मारतात. माझ्या कॅमेऱ्याला अंगचा फ्लॅश नाही.

"फ्लॅश नाही उडाला," काकू म्हणाल्या.

"त्याला फ्लॅश नसतो."

"पेपरवाल्यांना देत नाहीत का हल्ली?" मग डोळे बारीक करून, "कुठला पेपर म्हणालात?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. तेच सांगितलं. पथक नेमकं तेव्हा थांबलं होतं, त्यामुळे आजूबाजूच्या वीस-पंचवीस लोकांनाही ते कळलं.

"पेपरवाले नाही होय?" आणि मग तो प्रश्न. गळ्यात कशाला अडकवलंय.

"शिकतोय," मी म्हटलं.

काकूंनी मला टाळूपासून चपलेपर्यंत पाहिलं. "ह्या वयात?"

नंतर सुनेकडे वळून, पण आवाज मला पुरेल इतका ठेवून, "शिकायचं तर सारसबागेत शिकावं. कुत्री असतात, मुलं असतात, काढावेत फोटो. इथे लोकांची कामं चालू असतात." चकलीचा डबा फिरत आला तो माझ्यावरून भाचीच्या सासरकडे गेला.

तेवढ्यात गळ्यात पास आणि काखेत छोटी शिडी घेतलेला एक पंचविशीतला मुलगा गर्दीतून वाट काढत आला. काकूंचा चेहरा उजळला. "ये रे बाळा, इथे ये. चकली घे. ए, तू सरक रे जरा, त्याला काम करू दे." तो दुसरा 'तू' म्हणजे मी. मी सरकलो. सरकलो म्हणजे पायरीवरून उतरलो, रस्त्यावर आलो, आणि माझ्यापुढे एक गृहस्थ होते ज्यांच्या खांद्यावर मूल होतं आणि मुलाच्या डोक्यावर लाल दिवे लुकलुकणारी शिंगं होती.

त्या रात्रीच्या माझ्या बहुतेक फोटोंत ही शिंगं आहेत.

लोक सांगतात, रात्रीसाठी पन्नास मिलिमीटरचा एफ/१.८ लेन्स घे. (एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं लेन्सचं भोक मोठं.) बरोबर आहे. कॅमेऱ्याबरोबर जो लेन्स येतो तो लांबचं ओढून घेताना एफ/५.६ वर जातो, आणि त्याच्यापेक्षा १.८ वाला जवळजवळ दहापट उजेड आत घेतो. पण पन्नासच्या लेन्सला झूम नाही. "पायांनी झूम करायचं," असं जाणकार म्हणतात. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर पाय आपले नसतात. मला एकदा बेलबाग चौकाकडे जायचं होतं आणि मी अलका टॉकीजच्या दिशेला पोहोचलो. त्यात माझा सहभाग शून्य होता.

आणि दिवे! रथावरचे एलईडी आपल्या डोळ्यांना अखंड पेटलेले दिसतात. पेटलेले नसतात. विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं घेतो, त्यामुळे स्वस्तातल्या माळा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. रंग बदलणाऱ्या पट्ट्या तर मंद-प्रखर होण्यासाठी आणखी वेगाने बंद-चालू होत असतात. शटर १/५०० सेकंद ठेवलं की कॅमेरा यांना नेमकं डोळा लागताना पकडतो. मग प्रभावळ अर्धी गायब, महालाला आडवे काळे पट्टे. शटर १/५० वर आणलं की दिवे शहाण्यासारखे पूर्ण येतात, पण ढोल वाजवणाऱ्या मुलीला चार हात येतात आणि तिच्या टिपरूचा धूर होतो. दिवे सांभाळू की माणसं, असा पेच आहे. शिवाय निळा आणि लाल एलईडी इतके भडक, की सेन्सरचा तेवढा एक रंग तुडुंब भरून वाहतो आणि मूर्तीचा चेहरा जांभळा सपाट दिसतो. नाक, सोंड, डोळे सगळं एकाच जांभळ्यात.

याबद्दल मी गणपतीआधीच तपकीर गल्लीत एका दुकानदाराशी बोललो होतो. अर्ध्या पुण्याच्या माळा तिथूनच येतात, म्हटलं विचारावं, न लुकलुकणाऱ्या माळा ठेवता का. त्याने माळ लावून दाखवली. "डोळ्याला दिसतीय का चालू?" म्हटलं, डोळ्याला दिसतेय. "मग कॅमेऱ्याला दवाखान्यात न्या." मागच्या गिऱ्हाइकालाही हे आवडलं. तपकीर गल्लीत दुकानदार बोलतो ते नेहमी मागच्या गिऱ्हाइकासाठी असतं.

एवढं करून मूर्तीला सरळ फोकस लावावा, तर रथाच्या दोन्ही अंगांना फ्लेक्स. हात जोडलेले भावी, आजी, माजी असे सगळे, गणपतीपेक्षा मोठे आणि त्याच्यापेक्षा जास्त उजेडात. मूर्तीवर दिवे बदलत राहतात, मध्येच अंधारही होतो. यांच्यावरचा हॅलोजन मात्र एकदाही विझत नाही. माझ्या सगळ्या फोटोंत अचूक एक्स्पोज झालेली गोष्ट कोणती असेल, तर एका माजी नगरसेवकाच्या मेहुण्याची मिशी. त्यात पुढून येणाऱ्या लेझरच्या सुया. लेझर थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सर जळू शकतो, डोळ्यांचं तर सोडाच, म्हणून तो फिरत आला की मी कॅमेरा पोटाशी धरून खाली बसायचो. गर्दीत असं खाली बसणाऱ्या माणसाबद्दल लोकांचे गैरसमज होतात. एका ताईंनी मला पाणी पाजलं आणि रिक्षा बघू का विचारलं.

पण मला राग आला तो 'ह्या वयात'चा. अजून आहे. कारण ही मिरवणूक चालते कोणाच्या जोरावर? पथकातली मुलं-मुली नोकऱ्या, कॉलेजं सांभाळून आठवडेच्या आठवडे नदीपात्रात हात फोडून घेतात. त्यांतली निम्मी पहिल्या वर्षाची असतात, ती चुकतात, ताशेवाला वळून बघतो, ती पुन्हा तालावर येतात. उंच रथापुढे लांब बांबू घेऊन वरच्या केबली उचलणारा पोरगा काही वीज मंडळात नसतो. दोर धरून 'मागे व्हा, मागे व्हा' करणारा दिवसा मोबाइलच्या दुकानात बसतो. सगळा कारभार हौशी, शिकाऊ लोकांचा. कमरेला ढोल बांधलेल्याला कोणी विचारत नाही, की बाबा, तू बँड कंपनीत नाहीस तर एवढं कशाला अडकवलंय? कॅमेरा दिसला की मात्र एक तर पेपरवाला, नाहीतर अडथळा. तिसरा वर्गच नाही. आणि जो फोन उंच धरून पूर्ण एक तास स्वतःच्या वाकड्या अंगठ्याचं चित्रण करतो, त्याला सगळे जागा देतात!

जाऊ दे.

बारा वाजता मात्र माझे दिवस आले असं वाटलं. ध्वनिवर्धकांना एरवी रात्री दहानंतर मनाई. सणांच्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत, मग सकाळी सहापर्यंत बंद. त्यामुळे बाराच्या ठोक्याला स्पीकरच्या भिंती गप्प झाल्या आणि काही रथ जागच्या जागी उभे राहिले. नाचणारे पांगले, शिंगवालं मूल बापाच्या खांद्यावर झोपलं. समोर दहा पावलांवर एक अख्खा झगमगता रथ, स्थिर, माणसांविना. मी कॅमेरा दुकानाच्या कट्ट्यावर टेकवला, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० वरून ४०० वर आणला, एक सेकंदाचं शटर लावलं, श्वास रोखला.

आणि रथ विझला.

"जनरेटर बंद केला काय हो?" मी कार्यकर्त्याला विचारलं.

"मग? सहापर्यंत कोणाला दाखवायचीय लायटिंग?"

"मला. दोनच मिनिटं लावा की."

त्याने गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "पेपरवाले का?"

या वेळी ढोल वाजत नव्हते, त्यामुळे मान हलण्याचंही कारण नव्हतं. "नाही," म्हटलं.

"डिझेल काय भाव आहे माहितीय का?" म्हणाला आणि जनरेटरच्या टेम्पोखाली सतरंजी पसरून आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अनोळखी नंबरवरून मेसेज. 'फोटो?' मी पेपरवाला असतानाच्या काळात काकूंनी माझा नंबर घेऊन ठेवला होता. मी पायरीवरचे दोन त्यातल्या त्यात बरे फोटो पाठवले. उत्तर आलं, 'ह्यांचे डोळे मिटलेले आहेत.' मी लिहिलं, 'ते झोपले होते.' बराच वेळ काही नाही. मग थेट फोनच.

"अरे, त्या मुलाने आमचा छापलाच नाही. पेपरात नुसता रथ आलाय. पायरी कापली रे त्याने! दुपारी तीनपासून बसलो होतो आम्ही."

मी वाईट वाटल्याचा आवाज काढला. पुष्कळ प्रयत्न करून.

"तुझ्यात पायरी अख्खी आहे. जरा काळोख आहे, पण चालेल, ह्यांची टोपी छान आलीय. मोठा करून फ्रेम करून दे. हॉलमध्ये लावायचाय."

बारा बाय अठरा इंचाची प्रिंट, आयएसओ ६४०० चे दाणे साफ करण्याचं काम, त्यावर फ्रेम आणि काच, असा हिशेब मी मनात मांडत होतो. म्हटलं, "काकू, साधारण किती खर्च येईल ते सांगतो, मग तुम्ही—"

"खर्च? तुला कसले द्यायचे पैसे?" काकू मनापासून चकित झाल्या होत्या. "तू शिकतोयस ना?"