फरशीवर पंधरा दिवस? नको!

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: कंबर धरली की गादी सोडा, १५ दिवस फरशीवर पडून राहा, मणका आपोआप ‘जागेवर बसतो’. हे खरं नाही.

साध्या कंबरदुखीत जास्त पडून राहिलं की अंग आखडतं आणि दुखणं लांबतं. अमेरिकेत १९८६ साली दोन दिवस आणि सात दिवस विश्रांतीचा सल्ला दिलेल्या रुग्णांची तुलना झाली. दुखणं कमी होण्यात फरक नव्हता. दोन दिवसवाले कामावर मात्र लवकर परतले. गादीचं म्हणाल, तर स्पेनमधल्या ३१३ जणांच्या अभ्यासात (२००३) कडकपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली. आणि दुखऱ्या कंबरेने फरशीवरून उठून बघा एकदा!

मेसेजमध्ये शेक घ्यायचाही सल्ला आहे, तो तेवढा ठीक. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं शेका, मग झेपेल तेवढं चाला. उपवन तलावावर जायलाच हवं असं नाही, सोसायटीचं आवारही चालेल.

मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर घरगुती उपाय बंद. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.