कर्नल बाटला

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातुरात कर्फ्यू लागल्यासारखं असतं. दुकानांना कुलपं, रस्ते ओस, सगळं शहर भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन रानात. त्या दिवशी सकाळी सव्वासहाला आमच्याकडं आंबिलाची बिंदगी भरून दारात तयार होती, पोरं गाडीत जाऊन बसली होती, आणि घरातला कर्ता पुरुष, म्हणजे मी, कॉम्प्युटरचा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम, बदलत होतो.

हा मुहूर्त मी काढला नव्हता. आदल्या रात्री बायकोनं तिच्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. अंतरपाट सरकला तसा पडदा मधोमध आडवा फाटल्यासारखा झाला. नवरदेवाचा फेटा पुढं गेला, मान मागंच राहिली.

“अहो, तुमच्या स्वातंत्र्यात हे असंच दिसतं का?”

स्वातंत्र्य हा शब्द माझा. दहा वर्षं मी विंडोजऐवजी लिनक्स वापरतो आणि कटिंगच्या दुकानापासून तेराव्याच्या पंगतीपर्यंत जो सापडेल त्याला सांगतो, की हे फुकट आहे म्हणून नाही, मोकळं आहे, आतला कोड कुणीही बघावा-बदलावा, म्हणून वापरायचं. अशा माणसानं ग्राफिक्स कार्ड तरी विचार करून घ्यावं की नाही? मी 2016 साली स्वस्त मिळालं म्हणून घेतलं. कंपनीचं नाव घेत नाही. आजीनं जन्मभर आजोबांचं घेतलं नाही, पण ती निदान उखाण्यात तरी घ्यायची. लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी 2012 साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात भर सभेत एका कार्ड-कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं. ती हीच का, हे मी सांगणार नाही. बायको घरात आहे.

तर माझ्या कार्डाला ड्रायव्हर दोन. एक मोकळा, त्याचं नाव नूव्हो. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘नवा’, आणि 2010 पासून तो लिनक्सच्या कर्नलात, म्हणजे गाभ्यात, आहे. तो कसा तयार झाला हे कळायला आमच्या शेजारच्या रानातल्या काकूंची भज्जी माहीत पाहिजे. काकू कृती सांगत नाहीत. माझ्या आईनं दर येळवशीला त्यांच्याकडं जेवून, बोटानं चाटून, हरभरा किती, तूर किती, चिंच कधी पडली असेल याचा अंदाज बांधत बांधत ती जमवली. नूव्होवाल्यांनी तेच केलं. कंपनी माहिती देईना, तर कार्डाला काय जातं नि त्यातून काय येतं हे टिपून टिपून ड्रायव्हर लिहिला. असल्या चिकाटीपुढं हात जोडावेत. पण 2014 च्या सुमारापासूनच्या कार्डांत कंपनीनं अशी मेख मारली, की चुलीचा जाळ, म्हणजे कार्डाचा वेग, वाढवायचा तर काकूंची सही पाहिजे. सही नसेल तर कार्ड चालू होताना ज्या मंद आचेवर असतं, दिवसभर त्याच आचेवर. भज्जी होते, पण संध्याकाळी.

2022 च्या मे महिन्यात कंपनीनं आपल्या ड्रायव्हरचा कर्नलात बसणारा भाग खुला केला, तेव्हा मी पेढे आणले होते. नंतर नीट वाचलं. तो 2018 पासूनच्या कार्डांच्या पिढ्यांसाठी होता. पेढे मात्र संपले होते.

दुसरा ड्रायव्हर कंपनीचा, बंद. हा जावई. कामाला वाघ, पण मान ठेवावा लागतो. तो येणार म्हणजे नूव्होला आधी काळ्या यादीत टाकायचं, दोघं एका घरात नांदत नाहीत. आणि कर्नल बदललं की याची बसवणूक पुन्हा पहिल्यापासून. धोंड्याचा महिना तरी साधारण तीन वर्षांनी येतो. नवं कर्नल नऊ-दहा आठवड्यांनी निघतं.

रात्री उशिरा तत्त्वं गुंडाळून ठेवली आणि जावयाला बोलावणं धाडलं. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही आत येऊ न देणारा पहारेकरी, चालू होतं, म्हणून त्यानं एक पासवर्ड ठरवून घेतला. सकाळी मशीन पुन्हा सुरू केलं की निळा पडदा येणार, दहा सेकंदांत एखादं बटण दाबायचं, पासवर्ड देऊन जावयाच्या सहीची किल्ली मंजूर करायची. एवढंच.

निळा पडदा आला. दहा, नऊ, आठ.

“अरे, बिंदगी उचल की! मी उचलू का आता या वयात?” आईनं दारातून हाक मारली.

बिंदगी गाडीत ठेवून आलो तोवर पडदा निघून गेला होता. किल्ली नामंजूर, जावई दारातूनच परत, आणि नूव्होला तर मीच हाकलून दिलेलं. कसाबसा जो पडदा उमटला त्यावर एकेक अक्षर वांग्याएवढं. तसंच सोडून रानात गेलो. कडब्याच्या खोपीत पांडवांपुढं हात जोडले तेव्हा मनात काय होतं ते लिहीत नाही.

रात्री परत सगळं केलं. या वेळी बटणावर बोट ठेवूनच बसलो होतो. जावई आत आला. व्हिडिओ लावला, नवरदेवाची मान फेट्याबरोबर हलली. बायकोनं “बरं झालं” म्हटलं आणि झोपायला गेली. दहा वर्षांच्या तत्त्वांची किंमत दोन शब्द! मी सवयीनं कर्नलच्या नोंदी उघडल्या. तिथं लिहिलं होतं, की या मॉड्यूलच्या, म्हणजे जावयाच्या, बंद लायसन्समुळं कर्नल ‘टेन्टेड’ झालं. मराठीत बाटलं. खरंच तसा ठप्पा मारतात. मग कर्नल बिघडलं म्हणून गाऱ्हाणं घेऊन गेलात तर ते लिहिणारी मंडळी म्हणतात, आधी तो ड्रायव्हर काढून या.

“कर्नल बाटला,” मी पुटपुटलो.

“कोण कर्नल?” मागं आप्पा उभे होते. सोयाबीनचा भाव बघायला आले होते. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी पडद्याशी नाक नेलं, मग मागं घेतलं.

“सकाळी किती मोठं अक्षर होतं. बिनचष्म्याचा भाव दिसालता. दहा वर्षांत पहिल्यांदा नीट केलतास, आन् परत बिघडवलास का?”