मायामीची ‘सिमेंटची खोकी’ आणि तो फॉरवर्ड

मायामी बीचच्या नॉर्थ बीच भागाबद्दल एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं की पन्नास-साठच्या दशकातली, डोकं न लावता बांधलेली दोन मजली सिमेंटची खोकी अमेरिकनांनी हेरिटेज करून टाकली, सत्तर वर्षांचं कसलं ऐतिहासिक, आता मालकाला स्वतःच्या घरात खिळा ठोकायची सोय नाही, भाव कोसळणार, जुन्या बिल्डिंगा सर्फसाइडसारख्या पडणार, वर समुद्र चढतोय, तेव्हा सगळं पाडून टॉवर बांधणं हाच शहाणपणा. खाली ‘विचार करा’ आणि हात जोडलेले. फोटो मात्र साउथ बीचच्या ओशन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको (महायुद्धाआधीची शैली) हॉटेलचा, म्हणजे भागही चुकला आणि काळही चुकला, असो.

आता ‘खोकी’. या शैलीला मिमो म्हणतात, मायामी मॉडर्न, हे नाव पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी पडलं. महायुद्ध संपल्यावर इथे मध्यमवर्गीयांसाठी धडाधड छोट्या अपार्टमेंट बिल्डिंगा उठल्या, आणि तेव्हा घरोघरी एसी नव्हता हे लक्षात घ्या. म्हणून दोन लांबट बिल्डिंगा समोरासमोर, मधे मोकळा चौक, चाळीसारखी बाहेरून जाणारी गॅलरी, त्यामुळे फ्लॅटला दोन्ही बाजूंनी खिडक्या आणि समुद्राचा वारा आरपार. जिन्याला भोकाभोकांची सिमेंटची जाळी, खिडकीवर पातळ छज्जा, ऊन अडतं आणि हवा अडत नाही. नटवेपणा आहेच, वाकडेतिकडे खांब, उगाच आकाशात घुसलेली एखादी भिंत, मला तो आवडतो, तुम्हाला नाही आवडला तरी चालेल. पण ‘डोकं न लावता बांधलेलं’ हे निव्वळ खोटं आहे.

‘सत्तर वर्षांचं कसलं ऐतिहासिक?’ अमेरिकेत साधारण 50 वर्षांचा निकष आहे, त्यात हे सहज बसतं. आणि साउथ बीचची आर्ट डेको वस्ती 1979 मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेली तेव्हा तिथल्या बऱ्याच बिल्डिंगा जेमतेम चाळिशीच्या होत्या, आज मायामी म्हटलं की त्यांचाच फोटो येतो (या फॉरवर्डमध्ये पण तोच आलाय!). आपल्याकडे मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेकोला युनेस्कोचा शिक्का 2018 मध्ये मिळाला. दिल्लीचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन मात्र 1972 चं, साठ वर्षं झाली नाहीत म्हणून हेरिटेजमध्ये बसलं नाही आणि 2017 मध्ये पाडलं. वय मोजत बसलं की असं होतं.

खिळ्याचा मुद्दा सगळ्यात जास्त गोंधळाचा, कारण आपण मुंबईतल्या हेरिटेज बिल्डिंगांचं ग्रेड वन, ग्रेड टू डोक्यात ठेवून वाचतो. मायामी बीचमध्ये दोन वेगळ्या याद्या आहेत. एक वर सांगितलेली राष्ट्रीय यादी, तिच्यात नॉर्थ बीचच्या वस्त्या 2008-09 मध्ये गेल्या. या यादीत नाव आलं म्हणून खासगी मालकाला स्वतःच्या पैशाने काहीही करायला केंद्र सरकारची आडकाठी नाही, अगदी पाडायला सुद्धा, आणि बहुसंख्य मालकांनी लेखी विरोध केला तर वस्ती यादीत जातच नाही. दुसरी महापालिकेची यादी, तिच्यात इथल्या वस्त्या 2018 मध्ये गेल्या, खरे दात तिला आहेत. पाडायचं असेल, बाहेरचं रूप बदलायचं असेल तर पालिकेच्या हेरिटेज बोर्डासमोर जावं लागतं. लॉबीसुद्धा बघतात, पण तुमच्या किचनच्या टाइल्स कोणी विचारत नाही.

भाव? इथे अर्धं खरं आहे, मान्य. प्लॉटवर दहा मजले चढवता आले असते ती कमाई मालकाची जाते. पण भाड्याने दिलेल्या बिल्डिंगची नियमात बसवून मोठी दुरुस्ती केली तर खर्चाच्या 20 टक्के इतकी केंद्राची कर-सवलत मिळते, हे फॉरवर्डवाले सोयीस्कर विसरतात, आणि तिथे राहणाऱ्या भाडेकरूंचं काय होणार हे तर त्यांच्या हिशोबातच नाही.

मग सर्फसाइड. 24 जून 2021 ला शेजारच्या गावात शँप्लेन टॉवर्स साउथ कोसळली, 98 माणसं गेली, आणि तो दाखला देऊन ‘जुनं म्हणजे धोकादायक’. अहो ती 1981 ची बारा मजली बिल्डिंग होती! दोन मजली मिमोशी तिचा संबंध काय? उलट शिकायचं असेल तर डोव्हिल हॉटेल बघा, 1957 चं, फेब्रुवारी 1964 मध्ये बीटल्स तिथूनच टीव्हीवर गायले. पालिकेच्या हेरिटेज वस्तीत असूनही 2017 च्या आगीनंतर बंद पडून राहिलं, शेवटी असुरक्षित ठरलं आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सुरुंग लावून पाडलं. नुसता शिक्का मारून मेंटेनन्स होत नाही, हा आक्षेप घेतला असता तर मी गप्प बसलो असतो.

राहिला समुद्र, एवढा एकच मुद्दा वजनदार आहे. पूरक्षेत्रात दुरुस्तीचा खर्च बिल्डिंगच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की अख्खी बिल्डिंग पूरपातळीच्या वर आणावी लागते, ऐतिहासिक बिल्डिंगला त्यातून सूट मिळू शकते. त्यामुळे ती वाचते खरी, पण तळमजल्यात पाणी यायचं ते येतंच. पण टॉवरनेही ते थांबत नाही. मायामीच्या खाली सच्छिद्र चुनखडी आहे, पाणी जमिनीतून वर येतं, भिंत घालून अडत नाही. टॉवरची लॉबी कोरडी राहील आणि समोरच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, म्हणून पालिकेला काही भागांत रस्ते उचलायला आणि पंप बसवायला लागले. ते काम दोन मजली वस्ती ठेवली तरी करायचंय आणि पाडली तरी करायचंय.