‘केमो घेऊन मोकळं व्हावं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

स्तनाच्या कॅन्सरमध्ये केमोचा फायदा होईल की नाही याचा अंदाज देणाऱ्या ऑन्कोटाइप टेस्टवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘लाखांची टेस्ट सुचवून बायकांच्या मनात केमोविषयी शंका कशाला पेरता? माझ्या जावेनं साठीत केमो घेतली, आज ठणठणीत आहे. केमो घेऊन मोकळं व्हावं.’

जाऊबाई बऱ्या आहेत हे वाचून खरंच बरं वाटलं. पण हे केमोमुळे, की ऑपरेशन आणि रोजच्या हार्मोनच्या गोळीनंही भागलं असतं, हे एकट्या त्यांच्यावरून कुणीच सांगू शकणार नाही. त्यासाठीच टेलरएक्स हा मोठा अभ्यास झाला. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला) आणि काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत न पोचलेला कॅन्सर असलेल्या १०,२७३ स्त्रिया त्यात होत्या. ऑन्कोटाइपमध्ये कॅन्सरच्या गाठीतली २१ जनुकं तपासून ० ते १०० मध्ये स्कोर काढतात. ज्यांचा ११ ते २५ आला, अशा ६,७११ जणींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नुसत्या गोळ्या, दुसऱ्याला केमो आणि गोळ्या. २०१८ मध्ये निकाल आला. नऊ वर्षांनी पहिल्या गटातल्या ९३.९ टक्के हयात होत्या, दुसऱ्यातल्या ९३.८ टक्के.

पन्नाशीच्या आतल्या बायकांचं मात्र वेगळं निघालं, आणि हे मी मुद्दाम ठळकपणे सांगते. त्यांच्यात स्कोर २१ ते २५ असेल, तर केमोमुळे कॅन्सर शरीरात दूरवर उलटण्याचं प्रमाण शंभरात साधारण साडेसहानं कमी झालं. त्यातला काही फायदा केमोनं पाळी थांबते म्हणून असावा, असं अनेक तज्ज्ञांना वाटतं. पण चाळिशीतल्या बाईनं साठीतल्या बाईचा स्कोर बघून केमो नाकारली, तर ते धोक्याचं आहे. आणि स्कोर २६ किंवा त्याहून जास्त आला, तर हीच टेस्ट केमो घ्या म्हणते. कॅन्सर ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनची दोन्ही रिसेप्टर आणि हर-टू, तिन्ही नसलेला) किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर ती करूच नये. पैसे वाया जातील.

‘मोकळं व्हावं’ या तुमच्या शब्दांशी मात्र मी अजिबात सहमत नाही. मी केमोच्या डे-केअरमध्ये काम करते. केमोची शेवटची सायकल, म्हणजे फेरी, होऊन कित्येक महिने उलटले तरी ब्लाउजचे हूक लागत नाहीत, बोटांना सुईची जाणीवच होत नाही, असं सांगणाऱ्या बायका फॉलोअपला भेटतात. ज्यांना केमोची गरज होती, त्यांनी हे सोसलं ते योग्यच. पण फायदा नसताना ते का सोसायचं?

खर्चाचं तुमचं म्हणणं खरं आहे, आणि मलाही त्याचा राग येतो. गाठीचा नमुना अमेरिकेला जातो आणि बिल बहुतेक घरांना झेपत नाही. बंगळूरची कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही स्वस्त टेस्ट आहे, पण टेलरएक्सएवढ्या मोठ्या अभ्यासाचं पाठबळ तिला नाही. कुठलीच टेस्ट परवडत नसेल, तर वय, गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती बिघडल्या आहेत) आणि केआय-६७ (पेशी किती वेगानं वाढतायत याचं माप) बघून डॉक्टर ठरवतात, आणि तो निर्णयही आंधळा नसतो.

तुमच्या ओळखीत कुणाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर पहिल्या सायकलची तारीख घेण्याआधी एवढंच विचारायला सांगा: ‘केमोनं माझा धोका शंभरात कितीनं कमी होईल?’ टेस्टसाठी पुन्हा सुई टोचावी लागत नाही, ऑपरेशनमधल्या गाठीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, पॅथॉलॉजीत ठेवलेला असतो.