हरिहरेश्वरच्या त्या सकाळीविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

हरिहरेश्वर आणि श्रीवर्धन येथे घालवलेल्या एका दिवसावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपला मुख्य आक्षेप असा आहे, की आम्ही सकाळी नऊपर्यंत मुक्कामाच्या घराच्या पडवीत बसून राहिलो, दिवसभरात एक टेकडी आणि एक किनारा एवढेच पाहिले, आणि अशा संथ दिवसाचे कौतुक करून मी मोजकी सुट्टी मिळणाऱ्या वाचकांची दिशाभूल केली. तेवढ्याच वेळात दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून बाणकोट व वेळास, एवढे सारे सहज होते, असे आपण लिहिले आहे.

नुसती अंतरे मांडली तर आपला हिशेब बरोबर आहे. मात्र हरिहरेश्वरची प्रदक्षिणा त्या हिशेबात बसत नाही, आणि माझा लेख मुख्यतः तिच्याविषयीच होता. काळभैरवाच्या देवळाजवळून पायऱ्या टेकडीवर चढतात आणि पलीकडच्या अंगाला कड्याच्या अरुंद फटीतून थेट समुद्रापर्यंत उतरतात. पुढची वाट लाटांनी झिजवून सपाट केलेल्या खडकांवरून टेकडीला वळसा घालत देवळाकडे परत येते. ही वाट ओहोटीतच उघडी पडते. भरतीच्या वेळी लाटा कड्यावर आपटतात आणि तेथे पाय ठेवायलाही जागा राहत नाही.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत अशी, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. आम्ही गेलो त्या दिवशी माघ वद्य पंचमी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, दहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. आम्ही नऊ वाजता निघालो, कारण पाणी उतरत असताना खाली जावे आणि ते पुन्हा चढू लागण्याआधी वाट संपवावी, हाच शहाणपणाचा क्रम आहे. त्यापूर्वी पडवीत बसून घावन आणि नारळाची चटणी खाण्यात गेलेला वेळ आळसाचा नव्हता. त्या वेळी समुद्राने वाट दिलीच नसती.

हे मी अनुभवाने शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी आपण सुचवता तसाच दिवस आम्ही आखला होता. सकाळी दिवेआगर, दुपारी श्रीवर्धन असे करत चार वाजता हरिहरेश्वरला पोहोचलो आणि धावतपळतच पायऱ्या चढलो. वर कोकम सरबत विकणाऱ्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहून विचारले, “आज तिथी कोणती, ठाऊक आहे का?” आम्हाला ठाऊक नव्हती. “मग खाली उतरू नका. पाणी चढतंय.” तरीही मी फटीच्या तोंडापर्यंत गेलो. शेवटच्या पायऱ्यांवर फेस येऊन परतत होता, आणि कड्याच्या दोन भिंतींमध्ये लाटेचा आवाज इतका घुमत होता, की मागून मारलेली हाक मला ऐकू आली नाही. त्यामुळे “समुद्राची उगाच भीती घातली आहे” हा आपला आरोप मला मान्य करता येत नाही. त्या वाटेवर लाटेने ओढल्यावर धरायला काहीही नाही.

आता त्या वाटेवर पाहण्यासारखे काय आहे, या आपल्या प्रश्नाविषयी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा काळा बेसाल्ट आहे. लाटांचे तुषार त्याच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, पाणी उडून जाते, मिठाचे स्फटिक आत वाढतात आणि खडकाचा कण न् कण सुटा करतात. त्यामुळे कड्याचा पृष्ठभाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा झाला आहे. माझ्या मुलीने एका खळग्यात बोट घातले, तर बोटाला पांढरी खारट पूड लागली. शेजारच्या खळग्यात एक शिंपला आणि वाळूचे चार कण होते. त्या एका दगडापाशी आम्ही अर्धा तास होतो. पाच ठिकाणे गाठायची असती, तर तो अर्धा तास आमच्याकडे नसता.

दुपारी सुपारीच्या वाडीत घालवलेला वेळ आपल्याला निरर्थक वाटला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि पोफळी, माड रांगेने आडवे झाले. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. आमच्या यजमानांनी वादळानंतर लावलेली रोपे आता माणसाच्या कितीतरी वर गेली आहेत, आणि ते आम्हाला एकेका झाडापाशी नेऊन ती दाखवत होते. त्यांना मध्येच थांबवून किनारा गाठण्याची घाई करणे मला बरे वाटले नाही. श्रीवर्धनच्या वाळूवर आम्ही संध्याकाळी, ऊन उतरल्यावरच गेलो.

आपला एक आक्षेप मात्र पूर्णपणे योग्य आहे. मी लेखात तिथी लिहिली होती, पण तिचा भरतीशी असलेला संबंध सांगितला नव्हता. त्यामुळे आमचा सकाळचा थांबा आपल्याला अकारण वाटला, यात दोष माझा आहे. त्या उतरत्या पायऱ्या गुडघेदुखी असणाऱ्यांना कठीण आहेत, हेही लिहायला हवे होते. दोन्ही गोष्टी मी लेखात घालत आहे.

आपण येत्या पौर्णिमेला आई-वडिलांसह जाणार असल्याचे लिहिले आहे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी बाराच्या आसपासपर्यंत भरती आणि संध्याकाळी साडेपाच ते सहाच्या सुमारास ओहोटी. म्हणून आमचा क्रम आपण उलटा करावा: सकाळ श्रीवर्धनला, आणि साडेचारनंतर प्रदक्षिणा, म्हणजे अंधार पडण्याआधी वाट संपेल. पौर्णिमेला उधाण असते आणि पाऊणपटीचा हिशेब अर्ध्यापाऊण तासाने मागेपुढे होतो, तेव्हा उतरण्यापूर्वी देवळापाशी स्थानिकांना विचारून घ्यावे. आई-वडिलांना फटीच्या पायऱ्या जमणार नसतील, तर त्यांना टेकडीच्या माथ्यावर बसवावे. तेथून समुद्र पुरेसा दिसतो.