घरी बसून कुणाला धडा मिळत नाही ओ काका

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एकच मेसेज चार जणांनी चारदा टाकला. त्यात म्हणलंय, एका मतानं काय होत नाही, सगळे पक्ष सारखेच, नगरसेवक असो नसो सोलापूरला पाणी चार-पाच दिवसाआडच, तेव्हा घरी बसा नाहीतर नोटा दाबा, नोटा जास्त झाला की सगळे उमेदवार बाद. आणि खाली परत, यादीत नाव नसलं तर आधार दाखवून 'चॅलेंज वोट' करा, एका बूथवर १४ टक्के टेंडर वोट झाले की फेरमतदान. टाकणारे काका वयानं मोठेत, आदर आहेच, पण हे सोडून देता येत नाही.

एका मताचं आधी. लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात सांगोला, २०१९ ची विधानसभा, शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी आले. दोन्हीकडं लाखाच्या आसपास मतं आणि फरक ७६८, म्हणजे दोन-तीन गल्ल्या घरी बसल्या असत्या तर निकाल फिरला असता. २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिमची खासदारकी ४८ मतांवर ठरली. राजस्थानात २००८ ला नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी एका मतानं पडले, आणि ते तेव्हा तिथले काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होते. प्रभागात तर मतदारच कमी, तिथं एकेका घराला वजन असतंय.

पाण्याचा मुद्दा मात्र मनाला लागला. आमच्याकडं पाण्याचा दिवस म्हणजे आई रात्री दोनला उठून बॅरल, घागरी, जे सापडंल ते भरती, दुसऱ्या दिवशी पाठ धरून बसती. नगरसेवक होते तेव्हापण रोज पाणी नव्हतं, हे मान्य. पण २०२२ च्या मार्चपासून जवळपास चार वर्षं महापालिकेवर प्रशासक होता, एकपण नगरसेवक नव्हता, तेव्हा पाईप फुटली, गढूळ पाणी आलं तर आपण कुणाच्या दारात जाणार होतो? अधिकाऱ्याची बदली होती, त्याला आपल्या मताची गरज नसती. नगरसेवकाला असती, पाच वर्षांनी का होईना परत यावंच लागतंय, आणि ज्या गल्लीतनं मतदानच होत नाही त्या गल्लीची ओरड तो कशाला ऐकंल? पाणी मिळत नाही म्हणून मत द्यायचं नाही, हे मला तरी उलटंच वाटतंय.

घरी बसल्यानं निवडणूक रद्द होत नाही, आपल्याकडं किमान इतकं मतदान झालंच पाहिजे अशी अटच नाही. २० टक्के झालं तरी कुणीतरी निवडून येतंय, तुमच्याशिवाय.

नोटा २०१३ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आला. लोकसभा-विधानसभेला नोटा एक नंबरला आला तरी त्याच्याखालचा उमेदवार विजयी, कुणी बाद होत नाही. लातूर ग्रामीणला २०१९ ला नोटा चक्क दोन नंबरला होता, २७,५०० मतं, काय झालं? काय नाही. महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोगानं २०१८ ला फेरनिवडणुकीचा नियम केलाय, तेवढंच खरं, पण तिथंपण तेच उमेदवार परत उभे राहू शकतात. कुणीच पटत नसलं तर नोटा जरूर दाबा, तो तुमचा हक्क आहे, फक्त खोट्या आशेवर नको.

आता सगळ्यात धोक्याचं, यादीचं. ७ मे २०२४ ला लोकसभेला माझा भाऊ असलाच मेसेज वाचून निवांत होता, यादी बघितलीच नाही, भर उन्हात आधार घेऊन गेला, नाव नाही म्हणून परत पाठवलं. घरी येऊन गप्प बसला, जेवला नाही. आधार ही फक्त ओळख आहे, यादीत नाव नसंल तर मत नाही. चॅलेंज वेगळंच असतंय, पोलिंग एजंटला एखाद्या मतदाराच्या ओळखीवर शंका आली तर तो दोन रुपये भरून हरकत घेतो. टेंडर वोट म्हणजे तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकलं असंल तर मिळणारी मतपत्रिका, ती वेगळ्या पाकिटात जाती, मोजणीत धरत नाहीत. १४ टक्क्यांचा नियम कुठंच नाही.

नाव नसंल तर फॉर्म ६, पत्ता बदलला असंल तर फॉर्म ८, अडलं तर १९५० ला फोन लावा. भावाचा फॉर्म मी स्वतः भरला, आता नाव आलंय. काका, रविवारी सकाळी मोबाईल घेऊन तुमच्याकडं येतो, घरातल्या सगळ्यांची नावं बसून बघू, सूनबाईंचं माहेरच्या पत्त्यावर राहिलं असंल तर तेपण तिथंच करून टाकू.