‘चिकोडीकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: घारी, बाटली आणि हिरण्यकेशी

‘चिकोडीकर’ यांस,

नदीचं प्रदूषण ओळखायला शास्त्रज्ञ शिकारी पक्ष्यांचा अभ्यास का करतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘हे दुर्बीणवाल्यांचे चोचले. पाणी तपासायचं तर बाटली भरून लॅबला द्या, घारीमागे कशाला फिरता? आणि ऑस्प्रे आपल्याकडे फक्त हिवाळ्यात येतो.’ (ऑस्प्रे म्हणजे मासे धरून खाणारा शिकारी पक्षी.)

आधी चूक कबूल करतो. कणकुंबीला उगम मलप्रभेचा; माझ्या हातून घटप्रभा लिहिलं गेलं होतं. तुम्ही दाखवलंत, दुरुस्त केलं, आभार.

पण ‘चोचले’? मतभेद जरूर असावेत, ही भाषा कशासाठी? समोरचा कोण, कुठला, काय बघून आलाय, याची चौकशी तरी करायची.

माझं बालपण संकेश्वरजवळ हिरण्यकेशीच्या काठी गेलं. मी सातवीत असताना वरच्या अंगाच्या एका कारखान्यानं रात्रीत मळीचं पाणी सोडलं. सकाळी बघतो तर काठाला मासेच मासे, पांढरी पोटं वर करून. चिखलातही तग धरणारी मरळसुद्धा त्यात होती. म्हशी पाण्यावर यायच्या आत वडील गुडघाभर पाण्यात उभे राहून बुट्टीनं मासे उपसत होते. चौथ्या दिवशी साहेब लोक आले, बाटली भरून घेऊन गेले. अहवाल आला, पाणी ठीक. तो खोटा नव्हता. घाण तोवर खाली वाहून गेली होती. त्यामुळे बाटलीचं कौतुक निदान मला तरी सांगू नका.

बाटलीत येतं ते त्या घटकेचं पाणी. पारा किंवा डीडीटी या कीटकनाशकाचे अवशेष पाण्यात अगदी विरळ असतात. शेवाळातून किड्यात, किड्यातून माशात असे चढत ते मासेखाऊ पक्ष्यात लाखो पटींनी साठतात. ऑस्प्रे जवळजवळ फक्त मासेच खातो. घरट्यातल्या पिल्लाला आईबाप जवळपासच्या पाण्यातलेच मासे भरवतात, म्हणून त्याच्या रक्ताचे काही थेंब आणि एखादं पीस त्या पट्ट्याचा कित्येक आठवड्यांचा हिशेब देतं. ब्रिटनमध्ये पक्ष्यांचे अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतली अंडी नव्यांशी ताडून १९६७ साली दाखवलं, की बहिरी ससाण्याच्या अंड्यांचं कवच १९४७ च्या सुमारापासून पातळ झालंय; कारण निघालं डीडीटी. उबवायला बसलेल्या आईच्या भारानंच अंडी फुटत होती. अमेरिकेनं १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आणली आणि तिथले ऑस्प्रे हळूहळू सावरले. हे चोचले?

राहिला हिवाळी पाहुण्याचा मुद्दा. ऑस्प्रे नसेल तेव्हा मासे खाणारी ब्राह्मणी घार तर बारमाही इथलीच आहे ना? मग त्यावर आणखी काय बोलायचं.

तुम्ही गावाचं नाव लावलंत, स्वतःचं नाही. पुढची प्रतिक्रिया नावानिशी पाठवा, तिलाही असंच सविस्तर उत्तर देईन. निनावी आली तर छापणार नाही.